कडी मोडते, कारण दार उतरतं

प्रश्न : आमच्या बाजारपेठेतल्या सार्वजनिक शौचालयाला बायकांकडे चार आणि पुरुषांकडे चार अशा आठ खोल्या आहेत. दरवर्षी पावसाळ्याआधी ग्रामपंचायत सगळ्या दारांना नव्या कड्या लावते आणि दिवाळीपर्यंत निम्म्या गेलेल्या असतात. आठवडी बाजाराला आलेल्या बायका एकमेकींना दाराबाहेर उभं करून आत जातात. ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, "लोकच तोडतात, मी काय करू?" यंदा दुरुस्तीला निधी मिळाला आहे. निदान चार-पाच वर्षं बघायला लागू नये अशा कड्या-बिजागऱ्या कुठल्या घ्याव्यात?
(ग्रामपंचायत सदस्या, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : ताई, नव्या कड्यांची ऑर्डर देण्याआधी जिथली कडी मोडली आहे अशा एखाद्या खोलीत जा. दार हळूच लावा आणि कडीचा दांडा चौकटीतल्या भोकासमोर येतो का ते बघा. बहुधा तो भोकाच्या खाली येईल. भोकाखालचा रंग खरवडून गेलेला असेल आणि तिथे लोखंड घासून चकचकीत झालेलं दिसेल. काही चौकटींवर तर कुणीतरी कानस मारून भोक खालच्या बाजूला वाढवलेलंही सापडेल. याचा अर्थ दार उतरलं आहे. उतरलेल्या दाराची कडी लावायची तर दार एका हातानं वर उचलून दुसऱ्या हातानं दांडा रेटावा लागतो. हे सगळ्यांना जमत नाही. मग कुणी चपलेनं ठोकतं, कुणी खांदा लावतं, आणि महिन्याभरात दांडा वाकतो किंवा कडीचे स्क्रू उपटून येतात. ठेकेदाराला तुटलेली कडी दिसते आणि तो 'लोकांनी तोडली' म्हणतो. लोकांनी तोडली हे खरंच, पण लावता येत नव्हती म्हणून तोडली.

तेव्हा खर्च आधी बिजागरीवर करा. सुतारकामाचा हा जुना हिशोब आहे. पत्र्याचं दार अँगलच्या सांगाड्यासकट सहज २५ किलो भरतं. रुंदी ७० सेंमी धरली तर ते वजन बिजागरीच्या रेषेपासून ३५ सेंमीवर लोंबतं. वरच्या आणि खालच्या बिजागरीत १०० सेंमी अंतर असेल तर वरची बिजागरी चौकटीतून जवळजवळ ९ किलोंच्या जोरानं बाहेर ओढली जात असते, दिवसरात्र. अंतर १५० सेंमी केलं की तोच जोर ६ किलोंच्या आत येतो, एक पैसाही जास्त न खर्चता. त्यात एखादं २५ किलोंचं पोर मुठीला लोंबकळून दारावर झोका घ्यायला लागलं, तर वरच्या बिजागरीवर आणखी साडेअकरा किलो. म्हणून दर दाराला तीन बिजागऱ्या लावाच, पण तिसरी मधोमध नको. ती वरच्या बिजागरीच्या वीतभर खाली हवी, कारण सगळी ओढ तिथे आहे. मधोमध लावलेली तिसरी बिजागरी दिसायला छान आणि कामाला फारशी उपयोगी नाही.

खालची बिजागरी फरशीपासून निदान २५-३० सेंमी वर ठेवा. तिथपर्यंतचा पट्टा पाइप मारून धुतला जातो, ॲसिडचे शिंतोडे तिथेच उडतात, आणि पत्र्याची दारं कायम खालूनच सडत वर येतात.

आता वापराचा आकडा डोळ्यासमोर आणा. पाच माणसांच्या घरात बाथरूमचा वापर दिवसाला वीसेक वेळा होतो. दर खेपेला दार दोनदा उघडतं-लागतं, म्हणजे दिवसाला ४० फेरे आणि वर्षाला १४,६००. बाजारातल्या एका खोलीत दिवसाला १५० माणसं धरली तर ३०० फेरे होतात, वर्षाला एक लाखाच्या वर. तुमच्या दाराचं एक वर्ष घरच्या दाराच्या सात-साडेसात वर्षांइतकं आहे. युरोपच्या मानकांत बिजागरीची सर्वांत कडक परीक्षा दोन लाख फेऱ्यांची असते. ती पास झालेली बिजागरीही तुमच्याकडे दोन वर्षांत परीक्षेइतकी राबलेली असेल. तेव्हा 'एकदा बसवलं की पाच वर्षं बघायला नको' असं हार्डवेअर मी तुम्हाला सुचवू शकत नाही. वर्षातून दोनदा दहा मिनिटं बघितलं की पाच वर्षं टिकेल, असं मात्र नक्की आहे.

कोकणात आणखी एक भानगड असते ती चिऱ्याची. चिरा मऊ. त्यात प्लॅस्टिकचा गट्टू ठोकून चौकट स्क्रूनं आवळली की दोन पावसाळ्यांत गट्टू भिंतीतच गोल फिरायला लागतो. मग बिजागरी शाबूत, दार शाबूत, आणि अख्खी चौकटच हलते. दार लावून चौकटीवर तळहात ठेवा आणि दुसऱ्या हातानं दार जोरात हलवा. हाताला हालचाल जाणवली तर कडीचा विचार सोडा आणि गवंड्याला बोलवा. चौकटीला दोन्ही अंगांनी तीन-तीन होल्डफास्ट हवेत, आणि ते चिरा कोरून काँक्रीटमध्ये गाडलेले हवेत. लाकडी चौकट असेल तर बदलण्याची हीच वेळ आहे. जूनमध्ये ती फुगणार, कडी लागेनाशी होणार, आणि लाथ बसणार.

एवढं मार्गी लागलं की कडी. हार्डवेअरच्या दुकानात 'बाथरूमसाठी' म्हणून जे पुढे करतात त्यातलं बरंचसं घरच्यासाठी आहे. बेबी लॅच बघायला सुबक असतो, पण आत एक बारकी स्प्रिंग आणि 'व्हाइट मेटल'चा ओतीव खटका असतो. हा जस्ताचा मिश्रधातू असून वर क्रोमचा मुलामा दिलेला असतो. दार ओढलं गेलं की तो वाकत नाही, एकदम तुटतो. गोल मुठीचं कुलूप तर ओल्या, साबणाच्या हातानं फिरतच नाही. म्हाताऱ्या माणसाला आणि संधिवात असलेल्याला कोरड्या हातानंही फिरत नाही. ॲल्युमिनियमचा टॉवर बोल्ट स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. मात्र त्याचा दांडा मऊ असतो, बोंडी बारीक स्क्रूवर अडकवलेली असते आणि ती आधी पडते. बोंडी पडलेला टॉवर बोल्ट आतून उघडायचा कसा, हा प्रश्न अडकलेल्या माणसालाच विचारावा.

माझी निवड दोनांत आहे. पहिली म्हणजे सरकती कडी : किमान १२ मिमी जाडीचा भरीव, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा दांडा, बोंडीऐवजी चार बोटं मावतील अशी मूठ, आणि मूठ दांड्याला वेल्ड केलेली. चौकटीवर गोल भोक पाडून काम भागवायचं नाही. तिथे पट्टी वाकवून केलेलं घर बसवायचं, ज्याची खाच उभी आणि निदान ३५-४० मिमी उंच असेल. सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. दार आज ना उद्या थोडं उतरणारच. गोल भोकाच्या कडीला ५ मिमी उतरणंही सोसत नाही. उभ्या खाचेला १५ मिमी उतरलं तरी कळत नाही.

दुसरी निवड त्याहून साधी : ५-६ मिमी जाड, दोन बोटं रुंद आडवी पट्टी, एका जाड बोल्टवर वर-खाली फिरणारी, जी चौकटीवरच्या आकड्यात आपल्याच वजनानं पडते. स्प्रिंग नाही, सरकायला नळी नाही, गंजून अडकायला काही नाही. बंद मुठीनं किंवा कोपरानंही उघडता येते, म्हणून अपंगांसाठीच्या खोलीत मी हीच लावेन. तुमच्या गावचा फॅब्रिकेटर अर्ध्या तासात एक बनवून देईल. कॅटलॉगमध्ये ती नसते, त्यामुळे इंजिनिअरसाहेबांना पटायला वेळ लागतो, एवढाच तिचा दोष.

बसवायचं कसं, यावर निम्मं आयुष्य अवलंबून आहे. पोकळ पीव्हीसीच्या दारात स्क्रू धरतो तो जेमतेम कागदभर जाडीच्या कातड्यात. पातळ पत्र्यात त्याचा एखादाच आटा अडकतो. फ्लश डोअरला पाकिटातले फुकटचे अर्ध्या इंची स्क्रू मारले तर पहिल्या जोराच्या ओढीला लाकडाच्या भुश्श्यासकट बाहेर. कडी आरपार बोल्टनंच बसवा. बाहेरच्या बाजूला घुमटाकार डोक्याचा, पकड न मिळणारा बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नट. पत्र्याचं दार असेल तर बिजागरी वेल्ड करा आणि कडी बोल्टनं लावा. फॅब्रिकेटर दोन्ही वेल्ड करायला बघेल, कारण त्याला सोपं जातं. पण कडी ही बदलायची वस्तू आहे. ती वेल्ड केली की बदलायला ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि वीज तिन्ही एका वेळी शौचालयात आणावी लागतात, आणि जिथे वेल्ड झालं तिथला जस्ताचा थर जळून गंज तिथूनच सुरू होतो. पान्यानं पाच मिनिटांत बदलता येईल अशी कडी तुटल्या दिवशीच बदलली जाते.

एक गोष्ट हमखास राहून जाते. दार चौकटीवर जिथे टेकतं तिथे जाड पट्टी आणि रबराचा गट्टू हवा. ही थांबपट्टी नसली की वाऱ्यानं आपटलेलं दार कडीच्या घरावर किंवा बिजागरीवर जाऊन थांबतं. तसं शंभरदा झालं की दोन्ही सैल. रबराच्या आठ गट्टूंना सगळ्या कामात सर्वांत कमी पैसे लागतील आणि ठेकेदार नेमके तेच विसरेल.

बाहेरच्या बाजूला मात्र कडी अजिबात नको, नुसती मूठ. बाहेर अल्ड्रॉप असला की आत गेलेल्या माणसाला कोंडण्याची गंमत कुणाला तरी सुचतेच. रात्री बंद करायचं असेल तर मुख्य फाटकाला कुलूप लावा. उलट आतली कडी बाहेरून उघडण्याची गुप्त सोय हवी : नाण्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं फिरेल अशी खाच, किंवा दार वर उचलून काढता येईल अशी बिजागरी. आत एखाद्याला भोवळ आली किंवा लहान मूल अडकलं, तर दार फोडायची वेळ येऊ नये.

दाराखालची फट किती ठेवावी हे तुम्ही विचारलेलं नाही, पण इंजिनिअर कॅटलॉग बघून १५० मिमी ठेवेल म्हणून सांगतो. ती फट कमोडवर बसणाऱ्यांच्या देशात ठरली. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, आणि तेवढ्या फटीतून नको ते दिसतं. बायकांकडे तर मोबाइल सरकवण्याचीही भीती. पाणी वाहून जाईल आणि दार सुकं राहील इतकी, म्हणजे दोन-तीन बोटांची फट पुरे.

ॲसिडचं काय करायचं ते सफाई कामगारांशी बसून ठरवा. बाटलीतल्या टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. सुट्टं मिळणारं ॲसिड त्याहून कडक. ते जस्ताचा मुलामा खातं, ॲल्युमिनियम खातं, आणि स्टेनलेसवरचा संरक्षक थरसुद्धा फोडतं. नुसते शिंतोडेच नव्हेत, त्याची वाफही छातीइतक्या उंचीवरच्या कडीवर जाऊन बसते. म्हणून भांडं घासून झालं की दारावर, कडीवर, बिजागरीवर साध्या पाण्याचे दोन तांबे मारायचे, हा नियम करा. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो कामगाराच्या जिवावर बेततो.

राहता राहिले चोर. ते आहेतच. पितळेची कडी गंजाला चांगलं तोंड देते, पण भंगारवाल्याकडे तिला भाव आहे, म्हणून मी ती सुचवली नाही. ॲल्युमिनियमचंही तेच. खाऱ्या हवेत नायलॉनच्या कड्या-मुठी उत्तम. गंजत नाहीत आणि भंगारात कुणी घेत नाही. मात्र आत पोलादाची सळई असलेल्या घ्या आणि थेट उन्हात येणाऱ्या दारांना लावू नका, उन्हानं त्या ठिसूळ होतात.

निविदेत 'चांगल्या प्रतीची कडी' असं लिहू नका, त्याचा अर्थ दुकानात सर्वांत स्वस्त असेल ती. धातूचा ग्रेड, दांड्याची जाडी, घराच्या खाचेची उंची, बोल्टची जाडी आणि बोल्टही स्टेनलेसचेच, हे सगळं लिहा. तयार टॉवर बोल्ट किंवा पोलादी बिजागऱ्याच घेणार असाल तर आयएस २०४ आणि आयएस १३४१ या मानकांचा उल्लेख घाला. एक नमुना मंजूर करून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि बिल काढताना तो शेजारी धरून बघा. आठही दारांना एकच नमुना असू द्या. जास्तीच्या दोन कड्या, एक बिजागऱ्यांची जोडी, मूठभर नट-बोल्ट आणि एक पाना, एवढं सामान शौचालयाच्या राखणदाराकडे दिवाळीतही असायला हवं. पुण्यात १९९९ च्या सुमाराला महापालिकेनं झोपडपट्ट्यांत वस्तीतल्या बायकांच्या संघटनांना बरोबर घेऊन सामुदायिक शौचालयं बांधली, तेव्हा त्यांत राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली ठेवलेली होती. जिथे माणूस राहतो तिथे सैल झालेला नट त्याच संध्याकाळी आवळला जातो.

प्रश्न : दुकानदार सगळ्याच मालावर 'एसएस ३०४' म्हणून सांगतो. चुंबक चिकटला नाही तर माल अस्सल, असं आमच्याकडे समजतात. हे बरोबर आहे का?
(शाळेच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य, सातारा)

उत्तर : अर्धवट बरोबर, आणि त्या अर्ध्यातच फसवणूक होते. चुंबक घट्ट चिकटला तर तो माल साधं लोखंड किंवा ४३० जातीचं स्टेनलेस आहे, इथपर्यंत ठीक. पण बाजारात ३०४ च्या नावावर सर्रास जे विकलं जातं ते २०२, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०२ मध्ये ते कमी करून मँगेनीज वाढवतात. क्रोमियमही थोडं कमी. घरातल्या कोरड्या कपाटाच्या मुठीला २०२ काही वाईट नाही. शौचालयात ओल, क्षार आणि ॲसिड तिन्ही असतात, तिथे त्याच्यावर काही महिन्यांत तपकिरी ठिपके उमटतात. उलटीही गंमत आहे : अस्सल ३०४ ची पट्टी थंडपणी वाकवली की वाकलेल्या कोपऱ्यात ती किंचित चुंबकीय होते. तेवढ्यावरून प्रामाणिक दुकानदाराशी भांडू नका.

मग ओळखायचं कसं? स्टेनलेसचे घाऊक व्यापारी आणि भंगारवाले मँगेनीज ओळखणारं रसायन बाळगतात. धातूवर थेंब टाकायचा, रंग बदलतो. शाळेला बाटली विकत घ्यायची गरज नाही. माल घ्यायच्या आधी एक नग घेऊन एखाद्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे जा, तो फुकट सांगेल. मोठी खरेदी असेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि कारखान्याचा चाचणी दाखला मागा. नुसतं मागितल्यावरही दुकानदाराच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळतं.

आणि बरोबर आलेल्या स्क्रूंची परीक्षा आधी करा. कडी खरोखर ३०४ ची आणि पाकिटातले स्क्रू मुलामा दिलेल्या लोखंडाचे, हा प्रकार मला ग्रेडच्या फसवणुकीपेक्षा जास्त वेळा दिसतो. कडीखाली तपकिरी ओघळ येतात आणि लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. दोन-चार स्क्रू मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा, फडकं सुकू देऊ नका. लोखंडी असतील तर फडक्यावर डाग येतोच.

साताऱ्याला ३०४ पुरे. समुद्रालगतच्या गावांत, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, ऐपत असेल तर ३१६ घ्या. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाही. ॲसिडच्या बाटलीपुढे मात्र ३१६ ही हरतं, तेव्हा पाण्याचे दोन तांबे तिथेही चुकत नाहीत.

प्रश्न : मॉलमधल्या शौचालयाच्या दारावर लाल-हिरवी खूण असते. आमच्या एसटी स्टँडवर तशी लावली तर टिकेल का, की तो नुसता दिखावा आहे?
(एक नियमित प्रवासी, नांदेड)

उत्तर : दिखावा नाही. आत कुणी आहे की नाही हे बाहेरून कळलं नाही तर माणूस काय करतो? दार ओढून बघतो. रोज शेकडो माणसं ओढून बघतात आणि तो प्रत्येक झटका कडीला बसतो. खूण दिसली की हे झटके कमी होतात, म्हणजे खूण कडीचं आयुष्यही वाढवते.

ही कल्पना जुनी आहे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी एक पेनी आकारून शौचालयं चालवली आणि आठ लाखांवर लोकांनी ती वापरली. तेव्हापासून सार्वजनिक शौचालयाचं दार हा शोध लावण्याचा विषय झाला. 'रिकामे' आणि 'आत कुणी आहे' असं दाखवणाऱ्या कडीचं पेटंट १८८० च्या दशकात लंडनच्याच अ‍ॅशवेल नावाच्या गृहस्थांनी घेतलं. नाणं टाकल्यावर उघडणाऱ्या कुलपाचं श्रेय तर जॉन नेव्हिल मॅस्केलिन या प्रसिद्ध जादूगाराला दिलं जातं. विमानातल्या शौचालयात खुणेच्या कडीची पुढची पायरी बघायला मिळते : कडी सरकवली की बाहेर खूण बदलते आणि आतला दिवाही पूर्ण लागतो. कडी न लावता बसायची सोयच नाही.

स्टँडवर लावताना एवढं बघा, की खूण कडीच्या दांड्यालाच थेट जोडलेली असावी; मध्ये बारीक दातेरी चाकं नकोत. लाल-हिरव्यापेक्षा लाल-पांढरी बरी, कारण लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात. खूण सांगणारी खिडकी काचेची नको, नुसतं भोक पुरे. आणि साध्यात साधा उपाय हवा असेल तर दार उघडं सोडल्यावर आपोआप चार बोटं उघडंच राहील अशी बिजागरी बसवा. उताराच्या खाचेवर फिरणाऱ्या बिजागऱ्या मिळतात, दाराच्या वजनावरच चालतात, स्प्रिंग लागत नाही. दार फटीनं उघडं म्हणजे खोली रिकामी, हे कुणालाही वाचता येतं.

प्रश्न : दाराच्या आतून पर्स अडकवायला हुक का नसतो?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बहुधा होता, आणि पडला. दारावर लावलेल्या हुकाला जड पिशवी अडकली की ते वजनही वरच्या बिजागरीवर जातं, म्हणून हुक दाराला नको, बाजूच्या भिंतीला हवा. उंची अशी, की दारावरून हात घालून कुणाला पर्स उचलता येऊ नये, साधारण खांद्याइतकी. टोकं गोल, नाहीतर ओढणी फाटते. आणि एक नाही, दोन हुक लावायला सांगा. पर्स एकावर, छत्री दुसऱ्यावर.